सिझरनंतर चौथा दिवस, दूध आलं नाही: अळिवाच्या आधी काय बघायचं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. बायकोचं पहिलं बाळंतपण, सिझर, आज चौथा दिवस. चीक थेंब थेंब येतो, पण छाती भरून आल्यासारखी वाटत नाही. बाळाचं जन्माचं वजन २.९ किलो होतं, ते काल सकाळी २.६६ भरलं, म्हणून डॉक्टरांनी डब्याचं दूध सुरू केलं, दर तीन तासांनी ४० मिली. तुमच्या आई अळिवाची खीर पाठवतात, सासूबाईंचा भर डिंकाच्या लाडवांवर आहे, औषधाच्या दुकानातून शतावरी कल्प आणलाय. यातल्या कशानं दूध नक्की येईल आणि प्रोलॅक्टिनची, म्हणजे दूध बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाची, तपासणी करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय: रक्तस्राव बराच झाला होता, एक पिशवी रक्त चढवलं, आणि शेवटच्या दोन महिन्यांत साखर वाढली होती, पण ते आता ठीक आहे. मी १४ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होते आणि नंतरची ११ वर्षं स्तनपान सल्लागार म्हणून काम करते आहे. दूध येत नाही म्हणून कुणी बोलावलं की मी आधी बाळंतपणाचे कागद मागते. दूध येणं हा बाळंतपणाचाच पुढचा टप्पा आहे. आधीच्या टप्प्यात शरीरानं जे सोसलं, ते इथे दिसतं.

म्हणून मी तुमचा प्रश्न तीन भागांत वाटून घेते. बाळाच्या पोटात पुरेसं जातंय का? आईच्या शरीरात भरपूर दूध बनायला सुरुवात झाली आहे का, आणि नसेल तर कशामुळे? आणि जे बनतंय ते वेळच्या वेळी बाहेर निघतंय का? तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. मी तिला पाहिलेलं नाही, कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

आधी बाळ. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं. तुमच्या बाळाचं २४० ग्रॅम उतरलं, म्हणजे आठ टक्क्यांहून थोडं जास्त. सात टक्क्यांच्या पुढे गेलं की आम्ही पाजणं समोर बसून बघतो, आणि दहाच्या पुढे गेलं तर बाळाची तपासणी व्हायलाच हवी. सिझरमध्ये आईला सलाइन बरंच जातं, बाळ थोडं पाणी अंगात घेऊन जन्मतं आणि ते लघवीवाटे गेल्यावर वजनातली घट जरा मोठी दिसते. तरीही, आईला साखर होती आणि वजन उतरत होतं, अशा वेळी डॉक्टरांनी वरचं दूध दिलं त्यात मला काही वावगं दिसत नाही. ते दिल्याबद्दल तिनं मनाला लावून घेऊ नये.

बाळ उठवूनही पाजायला उठत नसेल, २४ तासांत चारपेक्षा कमी वेळा शू करत असेल, लंगोटावर विटकरी रंगाचे डाग अजून पडत असतील, शी अजून काळीच असेल किंवा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आईचंही तसंच. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, ताप, सहन न होणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही असेल तर दुधाचा विचार बाजूला ठेवून आधी तिला दाखवा. बाळंतिणीचं ब्लडप्रेशर बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जाऊ शकतं. घरी आणल्यावर ते कुणी मोजत नाही, आणि हे मी फार वेळा पाहिलंय.

आता दूध बनतं कसं ते सांगते, कारण ते कळलं की घरातले निम्मे वाद मिटतात.

गरोदरपणाच्या मध्यावर, सोळाव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमाराला, स्तनातल्या पेशी चीक बनवायला लागलेल्या असतात. प्रोलॅक्टिन चढत चढत बाळंतपणापर्यंत नेहमीच्या दहापटींच्या घरात जातं. तरीही गरोदरपणी दूध वाहत नाही, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक त्याला धरून ठेवतं. हे आधी जनावरांवर दिसलं. कून नावाच्या संशोधकानं १९६९ साली उंदरांवर दाखवलं, की प्रोजेस्टेरॉन उतरणं हीच दूध सुरू होण्याची खूण आहे. माणसातही तेच. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं खाली येतं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत पेशी भरपूर दूध बनवू लागतात.

कोलोरॅडोच्या मार्गारेट नेव्हिल यांनी हे दिवस बारकाईनं मोजले. सुरुवातीला स्तनातल्या पेशींच्या मध्ये फटी असतात, त्यामुळे चिकात मीठ, म्हणजे सोडियम, जास्त असतं. मग फटी बंद होतात, सोडियम उतरतं, दुधातली साखर वाढते, ती पाणी ओढून घेते आणि दूध पातळ होऊन वाढतं. पहिल्या दिवशी सगळं मिळून शंभर मिलीच्याही आत असलेलं दूध पाचव्या दिवसापर्यंत अर्ध्या लिटरच्या आसपास जातं. म्हणून पहिल्या दिवशी चीक चमचाभर आला तर तो कमी नसतो. बाळाला तेव्हा एका वेळी २ ते १० मिलीच लागतं. हा बदल आई काय खाते यावर सुरू होत नाही. वार पूर्ण बाहेर पडणं, मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन येत राहणं, आणि इन्सुलिन व कॉर्टिसॉल या संप्रेरकांची साथ, या तिन्हींवर तो अवलंबून असतो.

पहिलटकरणीला हे उशिरा होणं नवल नाही. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला लॉरी नॉम्सन-रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी पहिल्या बाळाच्या आयांचा अभ्यास केला. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. त्यात ४४ टक्के आयांची छाती ७२ तासांनंतर भरून आली होती. तो देश वेगळा, आया वेगळ्या, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. पण उशीर करणाऱ्या गोष्टी इथेही त्याच दिसतात: पहिलं बाळंतपण, सिझर, लांबलेल्या कळा, जास्त वजन, वाढलेली साखर, जास्त रक्तस्राव. तुमच्या पत्रातच यातल्या चार आहेत. तेव्हा चौथ्या दिवशी छाती भरली नाही म्हणजे दूध येणारच नाही, असा अर्थ कुणी काढला असेल तर तो घाईचा आहे. चीक येतोय ही चांगली खूण आहे.

आता त्या चारपैकी साखर आणि रक्तस्राव, या दोन गोष्टींवर मी जास्त थांबते.

स्तनातल्या पेशींना दूध बनवायला इन्सुलिन लागतं, हे गेल्या काही वर्षांत जास्त स्पष्ट झालंय. ते शोधण्याची पद्धत मला फार आवडते. दुधातला चरबीचा थेंब पेशीतून बाहेर पडताना पेशीतला थोडा मजकूर, म्हणजे आरएनए, स्वतःबरोबर घेऊन येतो. त्यामुळे स्तनाचा तुकडा न काढता, नुसत्या दुधावरून आत काय चाललंय ते वाचता येतं. २०१३ साली डॅनिएल लेमे, नॉम्सन-रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी असंच वाचलं. दूध कमी असलेल्या आयांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याशी जोडलेलं एक जनुक जास्त जागं दिसलं. तेव्हा गरोदरपणातली साखर 'आता ठीक आहे' म्हणून कागदातून पुसू नका. अशा आईला दूध यायला एखाद-दोन दिवस जास्त लागू शकतात आणि तेवढे दिवस दूध काढणं जास्त चिकाटीनं करावं लागतं. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी तिची साखरेची तपासणी पुन्हा व्हायला हवी, तीही आजच डायरीत लिहून ठेवा.

रक्तस्रावाचं जरा नीट सांगते. गरोदरपणात पियुषिका ग्रंथी मोठी होते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानानं वाढत नाही. फार रक्त गेलं आणि प्रेशर फार उतरलं तर तिचा काही भाग मरू शकतो. ग्लासगोच्या हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली हे नोंदवलं, म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. त्याची पहिली खूण बहुधा हीच असते: दूध अजिबात येत नाही. नंतर पाळी येत नाही, थकवा जात नाही, प्रेशर आणि साखर उतरलेली राहते. श्रीमंत देशांत हे आता क्वचित दिसतं, आपल्याकडे तसं नाही. काश्मीर खोऱ्यातल्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वीस वर्षांवरच्या स्त्रियांत त्याचं प्रमाण सुमारे तीन टक्के निघालं. तिला एक पिशवी रक्त लागलं म्हणजे तिला हे झालंय असं मी म्हणत नाही, तिला चीक येतोय आणि ते आश्वासक आहे. पण किती रक्त गेलं, प्रेशर किती उतरलं होतं आणि आता हिमोग्लोबिन किती आहे, हे तीन आकडे डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन सात-आठवर असेल तर बाळाला धरून बसायलाच तिच्यात ताकद नसेल, आणि तिला सगळे म्हणत असतील, जरा वेळ पाज ना.

रक्तस्रावाचं आणखी एक कारण दुधाशी थेट जोडलेलं आहे: वारेचा तुकडा आत राहणं. तुकडा आत असेपर्यंत थोडं प्रोजेस्टेरॉन येत राहतं आणि दुधाला मोकळीक मिळत नाही. १९८१ साली अमेरिकेत मॅरियन नाइफर्ट आणि सहकाऱ्यांनी अशा तीन आयांची नोंद केली होती. तुकडे निघाल्यावर तिघींना दूध आलं. माझ्या कामात मी असं दोनदा पाहिलंय. त्यातली एक दहाव्या दिवशी माझ्याकडे आली होती. घरचे मेथी, खसखस, शतावरी सगळं करून थकले होते. मी तिला अंगावरून किती जातंय ते विचारलं, तर म्हणाली, अजून लालभडक, मधून गाठीही पडतात. त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवलं. गर्भपिशवी साफ झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा ब्लाउज भिजायला लागला. सिझरमध्ये वार डोळ्यांसमोर काढतात, त्यामुळे ही शक्यता बरीच कमी असते. तरी रक्त जाणं कमी न होता वाढत असेल तर विचारायलाच हवं.

इथपर्यंत सुरुवातीच्या गोष्टी झाल्या. पहिल्या आठवड्यानंतर कारभार बदलतो आणि दूध किती बनायचं ते मुख्यतः स्तन किती रिकामा होतो यावर ठरतं. स्कॉटलंडमध्ये एअर गावाजवळच्या हॅना संशोधन संस्थेत माल्कम पीकर आणि कॉलिन वाइल्ड यांनी शेळ्यांवर हे दाखवलं. शेळीचं एक आचळ जास्त वेळा पिळलं तर त्याच बाजूचं दूध वाढतं, दुसरीकडचं तसंच राहतं. संप्रेरकं दोन्हीकडे सारखीच पोहोचतात, म्हणजे साठलेल्या दुधातच पुढचं दूध थोपवणारं काहीतरी असणार. हे काहीतरी नेमकं काय, यावर नंतर बराच शोध झाला, त्यात सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनाचं नाव पुढे आलंय. गोठ्यात वाढलेल्या माणसाला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं.

आता तुमच्या ४० मिलीकडे या. चौथ्या दिवशी बाळाला साधारण किलोमागे १०० ते १२० मिली दूध दिवसाला लागतं. २.६६ किलोला ते २६६ ते ३२० मिली झालं. ४० मिली आठ वेळा म्हणजे ३२०. बाळाची सगळी भूक डब्यावर भागते आहे. ते तीन तास झोपणार, छातीशी धरलं की दोन मिनिटं चोखून डोळे मिटणार, आणि घरात म्हणणार, बघा, हिला दूधच नाही. शू-शी भरपूर होते आहे याचाही आत्ता एवढाच अर्थ, की बाळ उपाशी नाही. आईचं दूध किती आहे ते त्यावरून कळणार नाही.

याचा अर्थ आज डबा बंद करा असा अजिबात घेऊ नका. क्रम बदला. दर दोन-अडीच तासांनी, बाळ रडायची वाट न बघता, आधी दोन्ही बाजूंनी अंगावर पाजायचं. बाळ चोखता चोखता थांबलं की तिनं स्तन हाताच्या पंज्यात धरून हलका दाबून धरायचा, घोट आला की बाळ पुन्हा चोखतं. मग आधी काढून ठेवलेलं आईचं दूध, आणि त्यानंतर लागेल तेवढंच डब्याचं, वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं. बाटली सध्या नको. पाजून झालं की तिनं दहा-पंधरा मिनिटं हातानं दूध काढायचं, दिवसरात्र मिळून निदान आठ वेळा, त्यात एकदा मध्यरात्रीनंतर, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. स्टॅनफर्डच्या जेन मॉर्टन यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवर केलेल्या अभ्यासात, पहिल्या तीन दिवसांत दिवसातून पाचहून जास्त वेळा हातानं दूध काढणाऱ्यांना पुढच्या आठवड्यांत जास्त दूध आलं होतं. पंप असेल तर वापरा, पण चिकासारख्या दाट थेंबांना हात बरा. सुरुवातीला पाच मिली निघालं तरी ते फेकायचं नाही, चमच्यानं बाळाला द्यायचं. डबा किती कमी करायचा ते वजन बघून डॉक्टर ठरवतील. पाचव्या दिवसानंतर रोज २५-३० ग्रॅम वाढ दिसली की हळूहळू कमी करता येतो.

टाक्यांमुळे तिला बसून पाजणं जड जात असेल. कुशीवर झोपून, पाठीशी लोड लावून, किंवा बाळाचे पाय तिच्या काखेखालून मागे जातील असं धरून बघा. बाळाच्या तोंडात नुसतं निपल न जाता भोवतीचा काळा भागही जायला हवा, हनुवटी स्तनाला टेकायला हवी. दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पाजत असतानाही चालतं. दुखणं सोसून पाजण्यात दुधाचंच नुकसान आहे. दूध बनणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. पान्हा ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकानं फुटतो आणि वेदना, भीती, लाज त्याला अडवतात. १९४८ साली नाइल्स न्यूटन यांनी हे स्वतःवरच करून पाहिलं. अंगावर पाजताना त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, पायाचा अंगठा ओढला, गणितं घातली. बाळाला मिळणारं दूध बरंच घटलं, आणि ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिल्यावर जवळजवळ पूर्ववत झालं. वासरू समोर नसलं, अनोळखी माणूस गोठ्यात आला, की गाय पान्हा चोरते हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. मग बाळंतिणीच्या खोलीत आठ पाहुणे बसवून 'आलं का दूध' असं विचारणं कसं चालतं? पुढचे चार दिवस भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायचं काम तुमचं. दिवसातून दोन-तीनदा तासभर तरी, ती जागी असताना, बाळ नुसत्या लंगोटावर तिच्या उघड्या छातीवर झोपवा, वरून दुपटं घाला.

खाण्याचं आता चटकन सांगते. अळिवात लोह आहे, डिंकाच्या लाडवात तूप, खोबरं, खारीक आहे. रक्त गेलेल्या बाईला ते हवंच. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात असं आयसीएमआर सांगते, त्यामुळे दोन्ही आज्यांना करू द्या. फक्त तिची साखर वाढलेली होती, तेव्हा गूळ-साखर बेतानं, आणि डाळ, अंडी, पालेभाजी, जी तिला चालत असेल ती, भरपूर. पाणी तहानेप्रमाणे. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, ते करू नका. शतावरीवरचे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. द्यायचीच असेल तर कल्पात साखर किती आहे ते डब्यावर वाचा, आणि तिच्यामुळे दूध काढणं एकदाही चुकू देऊ नका. दूध वाढावं म्हणून डॉमपेरिडोन हे औषध दुकानातून आपल्या मनानं आणू नका. त्यानं प्रोलॅक्टिन वाढतं, पण काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि प्रोलॅक्टिनची तपासणी आज तरी नको. पाजण्याच्या आधी की नंतर, दिवसा की रात्री, यावर तो आकडा फार बदलतो. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत एवढं सगळं करूनही दूध जवळजवळ शून्य राहिलं, तर रक्तस्रावाचा इतिहास धरून प्रोलॅक्टिन, थायरॉइड, कॉर्टिसॉल एकत्र बघण्यात अर्थ आहे. थायरॉइडचा त्रास आधीपासून असेल तर मात्र ती तपासणी आत्ताच करा.

आणि समजा दूध आलं, पण पुरतं आलं नाही? असंही होतं. पर्थच्या पीटर हार्टमन यांच्या गटानं एक ते सहा महिन्यांच्या, अंगावर वाढणाऱ्या बाळांच्या आयांचं दूध २४ तास मोजलं, तेव्हा सरासरी पाऊण लिटरच्या आसपास आली, पण काही आयांना त्याहून बरंच कमी होतं तर काहींना जवळजवळ दुप्पट. तुमच्या बायकोला शेवटी निम्मंच दूध आलं तर निम्मं अंगावर आणि निम्मं वरचं, असं बाळ छान वाढतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांतलं दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांना जातं, तुमच्या धडधाकट बाळाला बहुधा मिळणार नाही, पण जवळ पेढी असेल तर तिथल्या परिचारिका दूध काढायला उत्तम शिकवतात. तिकडे नक्की जा.

एक विचारायचं राहिलं. ती झोपते का? बाळ झोपल्यावरही तिला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, मी आई म्हणून कमी पडले असं बोलत असेल, तर तेही लिहा. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींचं ओसरतं, दोन आठवड्यांनंतरही राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्क्यांना नैराश्य होतं. मला कागदांत दिसणार नाही आणि तुम्हाला घरात दिसेल, अशी ही गोष्ट आहे.

उद्या दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून न्या: गेल्या २४ तासांत अंगावर किती वेळा पाजलं, हातानं किती मिली निघालं, डबा किती गेला, शू आणि शी किती वेळा झाली, तिच्या अंगावरून कसं आणि किती जातंय. तिचं प्रेशर आणि हिमोग्लोबिन तिथेच मोजून घ्या. बाळाचं वजन आधीच्याच काट्यावर, उघड्या अंगानं करा. मग ते आकडे मला पाठवा, पुढचं त्यावरून बघू.